आरएएस चिलापीतला मातकट वास: प्रकल्प नोंदी, सोलापूर, फेब्रुवारी ते जुलै 2024

युनिट: उत्तर सोलापूर तालुका. आरएएस, म्हणजे तेच पाणी स्वच्छ करून पुन्हा फिरवणारी मत्स्यपालन यंत्रणा. 30 घनमीटरच्या सहा गोल टाक्या, गाळ काढणारा ड्रम फिल्टर, हलत्या मीडियाचा (जिवाणू वाढवायच्या प्लास्टिकच्या तुकड्यांचा) बायोफिल्टर, तो अमोनिया संपवतो, आणि एक सम्प, म्हणजे पाणी गोळा होण्याची टाकी. मासा गिफ्ट तिलापिया (तिलापियाची सुधारित जात), म्हणजे बाजारातली चिलापी. विक्रीचं वजन 500 ते 600 ग्रॅम. पाणी 27 ते 29 अंश. खाद्य दिवसाला 60 किलोच्या आसपास. नवं पाणी दिवसाला 8 ते 9 हजार लिटर, बोअरचं.

5 फेब्रुवारी 2024

तक्रार एकच आणि सगळीकडून सारखी: मासा जिवंत, कल्ले लालभडक, मांस घट्ट, पण शिजला की मातीचा वास. मसाल्याच्या रश्श्यात कमी जाणवतो, तव्यावर तळला की लगेच.

आधी बाकीचे वास वेगळे काढले. खाद्यातलं तेल खवट झालं असेल तर मासाही तेलकट-खवट लागतो. खाद्याची पोती उघडून वास घेतला, ठीक आहे. गाळ सडून येणारा वास कुजक्या अंड्यासारखा असतो आणि तो पाण्यालाच आधी येतो. इथला वास बीट उकडल्यासारखा, त्याखाली थोडा कुबट. म्हणजे जिओस्मिन, आणि बहुधा सोबत 2-मिथाइलआयसोबॉर्निऑल (पुढे एमआयबी). पहिल्या पावसात जमिनीतून जो वास सुटतो त्यात हेच जिओस्मिन असतं. तिथे हवंहवंसं वाटतं, ताटात नको असतं.

दोन्ही पदार्थ जिवाणू तयार करतात: स्ट्रेप्टोमायसिससारखे ॲक्टिनोमायसीट, आणि उजेड असेल तिथे निळं-हिरवं शेवाळ. माणसाचं नाक याबाबतीत फार तिखट आहे. पाण्यात लिटरला 10 नॅनोग्रॅमच्या आसपास जिओस्मिन असलं तरी अनेकांना कळतं. 10 नॅनोग्रॅम म्हणजे 10 कोटी लिटर पाण्यात 1 ग्रॅम. नेहमीच्या अमोनिया-नायट्राइटच्या किटमध्ये हे दिसायचं नाही. पाण्याचे सगळे आकडे उत्तम असताना मासा मातकट असू शकतो, इथे तेच झालंय.

8 फेब्रुवारी

चाखण्याची पद्धत ठरवली. यापुढे प्रत्येक निर्णय हिच्यावर होणार, म्हणून सविस्तर.

मासा मारून, खवले काढून, पोटाकडच्या भागासह 100 ग्रॅमचा तुकडा घ्यायचा. जिओस्मिन चरबीत साठतं, आणि पोटाकडे चरबी जास्त. नुसता पाठीचा तुकडा घेतला तर वास कमी भासतो. मीठ, हळद, लिंबू, तेल काही लावायचं नाही. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत तुकडा ठेवून इडलीपात्रात 10 मिनिटं वाफवायचा. डबी बाहेर काढून एक मिनिट थांबायचं, मग झाकण नाकाजवळ उघडायचं. पहिली वाफ सगळ्यांत जास्त सांगते. मग एक घास, चावून, नाकाने श्वास सोडत. दोन नमुन्यांमध्ये कोमट पाण्याची चूळ.

गुण 0 ते 5. 0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे शंका, 2 म्हणजे आहे पण खाता येईल, 3 म्हणजे गिऱ्हाईक तक्रार करेल, 4-5 म्हणजे घास खाली उतरत नाही. डब्यांवर फक्त आकडे, कोणता मासा कुठल्या टाकीतला हे चाखणाऱ्याला माहीत नको. एका बैठकीला सहाच नमुने. त्यापुढे नाक बधिर होतं आणि सगळेच मासे चांगले वाटायला लागतात. तंबाखू, मावा, पान खाणारा माणूस चाखणाऱ्यांच्या पॅनेलवर नको. खोलीत उदबत्ती नको, हाताला साबणाचा वास नको.

नाकाची ओळख पटवायला उकडलेलं बीट वापरलं. बिटातही जिओस्मिन असतं, त्यामुळे नेमका कुठला वास शोधायचा हे एका वासात समजतं. एमआयबीचा वास त्याहून वेगळा, कापराकडे झुकणारा आणि कुबट.

काळ्या मसाल्यात शिजवून चव बघू, ही सूचना आली होती. ती घेतली नाही. आपला काळा मसाला हा वास बऱ्यापैकी झाकतो, आणि इथे तो उघडा पाडायचाय.

आजचे गुण, सहा टाक्यांचे: 3.4 ते 4.1. एकही टाकी चांगली नाही, म्हणजे दोष एका टाकीचा नसून सामाईक पाण्याचा आहे.

12 फेब्रुवारी

वास कुठे तयार होतो ते शोधलं. जिथे ओलं, सेंद्रिय गाळ असलेलं आणि थोडा तरी ऑक्सिजन मिळणारं पृष्ठ आहे तिथून खरवड घेतली, काचेच्या बरणीत कोमट पाण्यात हलवून वास घेतला.

सगळ्यांत उग्र: ड्रम फिल्टरच्या धुण्याच्या पाण्याची पन्हळ. रोज ओली-कोरडी होते आणि तिच्यावर तपकिरी थर जमतो. त्याखालोखाल सम्पचा कोपरा, जिथे पाणी फिरत नाही. मग टाकी ते ड्रम फिल्टर हा 110 मिमी पाइप, आतून बोटाला बुळबुळीत. बायोफिल्टरच्या मीडियावरचा थर स्वतः मध्यम, पण बायोफिल्टरच्या तळाला, हवा न पोचणाऱ्या भागात साठलेला गाळ उग्र. पत्र्याच्या शेडमध्ये पारदर्शक पट्ट्या आहेत तिथल्या टाकीच्या कडेला हिरवं शेवाळ. ते खरवडून पाहिलं, वास किरकोळ. नुसतं शेवाळ मारून हा प्रश्न सुटणार नाही, हे इथेच स्पष्ट झालं. अंधारातल्या आरएएसमध्येही मासा मातकट होतो.

लगेच करायच्या गोष्टी: पन्हळ रोज ब्रशने घासणे, सम्पचा कोपरा सिमेंटने तिरका करणे, बायोफिल्टरच्या तळाचा ड्रेन आठवड्यातून एकदा उघडणे, खाद्यातला भुगा चाळून मगच टाकणे. यातून वास कमी होईल, जाणार नाही. बायोफिल्टर चालवायचा तर जिवाणू हवेतच, आणि त्यांच्या शेजारी हेही राहणार.

19 फेब्रुवारी

वाढीच्या पाण्यावरच उपचार करायचे का, यावर विचार झाला. थोडक्यात:

ओझोन: आरएएसमध्ये जेवढा ओझोन सुरक्षितपणे देता येतो तेवढा आधी गाळ, नायट्राइट आणि रंगातच संपतो. पाणी काचेसारखं होतं, वास राहतो. यूव्ही: जंतू मारण्याच्या नेहमीच्या मात्रेत जिओस्मिन तुटत नाही. क्लोरीन: जिओस्मिनवर जवळजवळ निरुपयोगी, माशाला आणि बायोफिल्टरला मात्र घातक. मोरचूद: शेवाळ मारतं, पण मेलेल्या पेशी फुटून आतला वास एकदम पाण्यात येतो, ॲक्टिनोमायसीटचं फार काही बिघडत नाही. ॲक्टिव्हेटेड कार्बन: काम करतो, पण वाढीच्या पाण्यातले विरघळलेले सेंद्रिय पदार्थ त्याच्या जागा आधी अडवतात, आणि काही दिवसांत तोच जिवाणूंचं घर होतो.

निर्णय: वाढीची यंत्रणा स्वच्छ ठेवायची आणि विक्रीआधी मासा वेगळ्या टाकीत, उपाशी, स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवून वास काढायचा. याला पर्जिंग म्हणतात. उरलेला प्रश्न पाण्याचा. उजनी उणे पातळीत आहे, बोअर उतरतायत. किलोला किती लिटर, हे कळल्याशिवाय टाकी बांधण्यात अर्थ नाही.

26 फेब्रुवारी

पाण्याचा हिशेब.

जिओस्मिन माशात कल्ल्यांवाटे शिरतं आणि कल्ल्यांवाटेच बाहेर पडतं. पाण्यापेक्षा चरबीकडे त्याची ओढ काही हजार पट. चिलापीच्या मांसात चरबी अडीच टक्के धरली, तर समतोलात मांसातलं प्रमाण पाण्यातल्या प्रमाणाच्या साधारण 100 पट येतं. म्हणजे पाण्यात लिटरला 40 नॅनोग्रॅम असेल तर मांसात किलोला 4 मायक्रोग्रॅम.

हाच आकडा उलटा लावला. स्वच्छ पाणी टाकीतून गेलं की ते माशातलं थोडं जिओस्मिन घेऊन जातं. पाणी चांगलं मिसळतंय आणि येणारं पाणी पूर्ण बिनवासाचं आहे असं धरलं, तर माशाच्या दर किलोमागे साधारण 70 लिटर पाणी गेलं की वास निम्मा होतो. 140 लिटरला पाव, 210 लिटरला एक अष्टमांश, 280 लिटरला एक षोडशांश. प्रत्यक्षात यापेक्षा थोडं जास्तच लागेल. दिवसाला किलोमागे 40 लिटर दिले तर सात दिवसांत 280.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट आहे आणि ती जास्त महत्त्वाची. येणाऱ्या पाण्यातच 10 नॅनोग्रॅम असतील तर मासा 1 मायक्रोग्रॅमच्या खाली कधीच उतरणार नाही, महिनाभर ठेवला तरी. वास जाणवण्याची मर्यादा माणसागणिक बदलते, पण 1 मायक्रोग्रॅमच्या आसपास बऱ्याच जणांना कळायला लागतं. त्यामुळे पाणी किती यापेक्षा पाणी कुठलं हे आधी बघायचं.

4 मार्च

तीन पिंपांची चाचणी सुरू. प्रत्येकी 1000 लिटरची नवी प्लास्टिक टाकी, प्रत्येकीत एकाच टाकीतले 30 किलो मासे, तासाला 50 लिटर पाणी (किलोला दिवसाला 40 लिटर), खाद्य बंद.

अ: शेततळ्यातलं पाणी. बोअरचंच, पण अस्तर घातलेल्या उघड्या तळ्यात साठवलेलं.
ब: बोअरचं थेट, बंद काळ्या टाकीमार्गे.
क: ब सारखंच पाणी, पण अमोनिया आटोक्यात राहावा म्हणून चालू बायोफिल्टरमधला 50 लिटर मीडिया जाळीच्या पिशवीत.

सुरुवातीचा गुण 3.8.

11 मार्च

सात दिवस पूर्ण.

अ: तिसऱ्या दिवशी 3.1, पाचव्या दिवशी 2.6, सातव्या दिवशी 2.6.
ब: 2.6, 1.4, 0.6.
क: 2.9, 2.2, 2.1.

यातून निदानाची एक सोपी खूण मिळते आणि ती प्रत्येक आरएएसवाल्याने लिहून ठेवावी. पाणी कमी पडत असेल तर गुण हळू उतरतात, पण उतरत राहतात. गुण एका जागी अडले, तर वास टाकीत आत येतोय किंवा टाकीतच तयार होतोय. मग दिवस वाढवून उपयोग नाही, उगाच माशाचं वजन जातं.

अ मध्ये वास पाण्याबरोबर येतोय. क मध्ये अमोनिया खरोखर कमी राहिला (0.4 मिग्रॅ, ब मध्ये 1.7), पण मीडिया स्वतःच वास सोडत राहिला. पर्ज टाकीत मीडिया नको, झिओलाइट (अमोनिया शोषणारं खनिज) नको, दगड नको, खडबडीत काहीच नको.

18 मार्च

पाण्याचा वास तपासण्याची पद्धत. 500 मिलीचा काचेचा चंबू, काचेचं बूच, आत 200 मिली पाणी. चंबू गरम पाण्यात धरून 60 अंशापर्यंत न्यायचा, जोरात हलवायचा, बूच काढून लगेच वास घ्यायचा. थंड पाण्यात न कळणारा वास गरम केल्यावर कळतो. सोबत उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्याचा एक चंबू तुलनेला.

बोअरच्या तोंडाशी: काही नाही, किंचित लोखंडी. बंद टाकीत एक दिवस: काही नाही. शेततळं, पृष्ठभाग: मातकट, स्पष्ट. शेततळं, फूटव्हॉल्व्हजवळ: मातकट. कडेला निळसर-हिरवी साय आहे. ऊन आणि खताचा अंश, दोन्ही भरपूर मिळतंय. जमिनीखालच्या पाण्यात उजेड नाही, सेंद्रिय पदार्थ नगण्य, म्हणून ते स्वच्छ. तेच पाणी चार आठवडे उघड्यावर राहिलं की वापरण्यालायक राहत नाही.

प्रयोगशाळेत पाठवायचं असेल तर: 40 मिलीची तपकिरी काचेची बाटली, काठोकाठ, आत हवेचा बुडबुडा नको, बर्फात. प्लास्टिकच्या बाटलीत नको, हे पदार्थ प्लास्टिकला चिकटतात. मासा असेल तर तुकडा फॉइलमध्ये गुंडाळून गोठवून. तपासणी जीसी-एमएस या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर होते.

2 एप्रिल

पर्ज टाकी उभी केली. जे घेतलं ते:

टाकी एफआरपीची (फायबरची), गोल, व्यास 2.5 मीटर, पाण्याची खोली 1.2 मीटर, धरणशक्ती 6000 लिटर, तळ मध्याकडे उतरता. ताडपत्रीची टाकी स्वस्त पडते, पण घड्यांमध्ये थर जमतो आणि तिथे ब्रश पोचत नाही. सिमेंटची आधीच खडबडीत.

साठवण: 5000 लिटरच्या दोन काळ्या, झाकणबंद टाक्या, 3 मीटरच्या चबुतऱ्यावर. शेतीपंपाची थ्री-फेज वीज आठ तास, तीही कधी दिवसा कधी रात्री. म्हणून आठ तासांत भरून चोवीस तास गुरुत्वाने सोडायचं. बोअरचं पाणी साठवण टाकीत शॉवरने पडतं. जमिनीतून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, तो इथेच निघतो.

प्रवाह: 200 किलो माशांना दिवसाला 8000 लिटर, म्हणजे तासाला 333. मीटर नको, 15 लिटरची बादली 2 मिनिटं 42 सेकंदांत भरली की बरोबर. रोज सकाळी मोजायचं, कारण बॉल व्हॉल्व्ह क्षारांनी हळूहळू अडतो.

बाहेर जाणारं पाणी मधल्या ड्रेनमधून स्टँडपाइपवर, म्हणजे पातळी राखणाऱ्या उभ्या पाइपावर. हवेसाठी ब्लोअरवरून सहा डिस्क, नव्या. 200 किलो उपाशी चिलापीला तासाला साधारण 20 ग्रॅम ऑक्सिजन लागतो, पकडापकडीनंतरच्या पहिल्या रात्री दुप्पट धरायचा. वर जाळी, कारण चिलापी उडी मारते. तीन बाजूंना हिरवं कापड. पाइपात कुठेही बंद टोक ठेवलं नाही. पुढे लागेल म्हणून सोडलेला आणि टोपण लावलेला टी म्हणजे वासाची कुपी.

8 एप्रिल

निर्जंतुकीकरण. प्रत्येक लॉटच्या आधी करायचं, नव्या टाकीलाही.

1. टाकी, स्टँडपाइप, डिस्क ब्रशने घासून धुणे. थर असताना औषध वाया जातं.
2. टाकी 6000 लिटर भरून हायड्रोजन पेरॉक्साइड, लिटरला 250 मिलिग्रॅम. 50 टक्क्यांचं घेतलं तर 2.5 लिटर.
3. छोट्या पंपाने तेच पाणी पुरवठ्याच्या पाइपातून फिरवणे. हवा चालू. रात्रभर.
4. सकाळी सगळं सोडून देणे, एकदा भरून पुन्हा सोडणे, तपासणीच्या पट्टीने पेरॉक्साइड शून्य आलंय हे बघणे. मगच मासा.

50 टक्क्यांचं पेरॉक्साइड कातडी जाळतं. रबरी मोजे, चष्मा, शेजारी पाण्याची बादली. डब्याचं झाकण हवा सुटणारंच हवं, घट्ट बूच लावलं तर डबा फुटतो. ब्लीचिंग पावडर किंवा ॲसिडच्या जवळ ठेवायचं नाही, लोखंडी डब्यात ओतायचं नाही.

पेरॉक्साइडचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होतो, म्हणून सोडलेलं पाणी डाळिंबाच्या बागेला चालतं. ब्लीचिंग स्वस्त आहे, पण माशाच्या टाकीत क्लोरीनचा अंश नको.

10 एप्रिल

पहिला लॉट: 200 किलो, गुण 3.6. आदल्या दिवशी खाद्य बंद केलं होतं तरी आतडं पूर्ण रिकामं नसतं. पहिल्या 24 तासांत दर दोन तासांनी तळाचा व्हॉल्व्ह अर्धा मिनिट उघडायचा. विष्ठा तळाला राहिली तर तीच नव्या थराचं खत होते.

घनता घनमीटरला 33 किलो. यापेक्षा फार विरळ ठेवलं तर नर जागा अडवून मारामारी करतात, खवले जातात.

13 एप्रिल

अमोनिया 1.8 मिग्रॅ, पीएच 7.8, तापमान 27, ऑक्सिजन 5.6. विषारी अमोनिया 0.07 च्या आसपास, ठीक. हे पाणी बागेला जाणार म्हणून माशाला शांत करायला मीठ घालायचं नाही. बोअरच्या पाण्यात क्षार आधीच पुरेसे आहेत, डाळिंबाची मुळं त्यावर जास्त सोसणार नाहीत.

17 एप्रिल

सातवा दिवस. गुण 0.7. बाहेर पडलेलं वजन 191 किलो, म्हणजे साडेचार टक्के घट. त्यात आतड्यातला माल आला. ही घट दरात धरावीच लागेल. न धरता विकलं तर चांगला मासा तोट्यात जातो आणि पर्जिंग पहिलं बंद पडतं.

29 एप्रिल

42 अंशांच्या पुढे. बोअर तासाला 1400 लिटरवरून 900 वर. आठ तासांत 7200 लिटर. नियम असा ठेवला: पाणी घटलं तर मासे घटवायचे, किलोमागचे 40 लिटर घटवायचे नाहीत. पुढचा नेहमीचा लॉट 170 किलोचा.

सोबत कार्बनची चाचणी. नवं पाणी निम्मं (दिवसाला 4000 लिटर), आणि टाकीतलंच पाणी तासाला 1000 लिटर नारळाच्या करवंटीच्या ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून फिरवायचं. संपर्काला 10 मिनिटं मिळायची तर कार्बनचा थर 167 लिटर, वजनाने साधारण 80 किलो. या चाचणीचा लॉट मात्र 200 किलोचाच ठेवला, म्हणजे तुलना होईल.

3 मे

कार्बनची चाचणी चौथ्या दिवशी थांबवली. वास उतरत होता, गुण 2.0. पण अमोनिया 3.5 मिग्रॅ, पीएच 8.1, तापमान 29. विषारी अमोनिया 0.30. मासे पाणी येतं त्या तोंडाशी गोळा झाले, हालचाल मंद. कार्बन जिओस्मिन धरतो, अमोनिया सोडून देतो. अमोनियासाठी बायोफिल्टर जोडला की वास परत. किलोमागचं पाणी वासापेक्षा अमोनियामुळेच कमी करता येत नाही, हे आता नक्की.

9 मे

पाण्याचा प्रश्न दुसऱ्या बाजूने सुटला. वाढीच्या यंत्रणेला रोज 8 ते 9 हजार लिटर नवं पाणी लागतंच. आजवर ते बोअरवरून थेट सम्पमध्ये पडत होतं, आणि पर्ज टाकीचं पाणी बागेला. आता सगळं नवं पाणी आधी पर्ज टाकीत, तिथून ओव्हरफ्लोने सम्पमध्ये, आणि ड्रम फिल्टरचं गाळाचं पाणी बागेला. पर्जिंगसाठी वेगळं पाणी असं काही उरतच नाही, फक्त पाण्याचा क्रम बदलतो.

पर्ज टाकीतून सम्पमध्ये दिवसाला 14-15 ग्रॅम अमोनिया जातो. 60 किलो खाद्यातून रोज दीड ते दोन किलो तयार होतो, त्यापुढे हे काहीच नाही.

धोका एकच आणि मोठा: निर्जंतुकीकरणाचं पेरॉक्साइड चुकून सम्पमध्ये गेलं तर बायोफिल्टर मरतो आणि वाढीच्या सहाही टाक्यांत नायट्राइट चढतो. म्हणून ओव्हरफ्लोवर दोन व्हॉल्व्ह: लाल दांड्याचा बागेकडे, निळा सम्पकडे. पेरॉक्साइड टाकण्याआधी निळा बंद करून त्याला कुलूप, पट्टी शून्य दाखवल्यावरच चावी. व्हॉल्व्हवर भरवसा पुरेसा नाही म्हणून मधला युनियन (पाइपाचा खोलता येणारा जोड) उघडून पाइपच सोडवून ठेवायचा.

27 मे

मृग 7 जूनला लागतो. मृगाला मासा खायची तेलुगू घरांतली रीत आहे, त्यामुळे सोलापूर शहराच्या पूर्व भागातून मागणी वाढेल. 7 जूनला मासा हवा तर लॉट 31 मेला आत, 29-30 मेला टाकीचं निर्जंतुकीकरण, 30 ला खाद्य बंद. मागणी वाढली म्हणून पाचव्या दिवशी मासा काढायचा नाही. पाचव्या दिवसाचा गुण 1.5 च्या आसपास असतो, आणि एकदा मातकट मासा घरी गेला की ते घर वर्षभर चिलापी घेत नाही.

4 जून

वाहतुकीची तपासणी. पर्ज टाकीतून 0.6 गुणाने निघालेला मासा बाजारात 1.9. कारण वाहतुकीच्या पिंपात वाढीच्या टाकीतलं पाणी भरलं जात होतं. वास माशाबाहेर जायला दिवस लागतात, आत शिरायला काही तास पुरतात. पिंपात फक्त बोअरचं पाणी भरायचं. पर्ज टाकीची जाळी, क्रेट, बादली वेगळी, निळ्या रंगाची, आणि ती वाढीच्या शेडमध्ये जायची नाही. विक्रीतून परत आलेला मासा पर्ज टाकीत टाकायचा नाही, वाढीच्या टाकीतून पुन्हा सुरुवात. विक्रेत्याच्या टाकीतलं पाणी कुठलं आहे तेही विचारायचं. आठवड्याचं जुनं हिरवं पाणी असेल तर इथली सगळी मेहनत वाया.

हॉटेलवाल्यांसाठी: चिंच, आमसूल, लिंबू लावून मासा ठेवला तर फायदा होतो, कारण आम्लात जिओस्मिनचं रूप बदलून वास कमी होतो. नुसतं उकळून जात नाही. थोडासा उरलेला वास यात निघेल, 3 गुणांचा मासा यात सुधारणार नाही.

20 जून

लॉट सातव्या दिवशी 1.6 वर अडला. पाचव्या दिवशीही 1.6. अडलेला गुण, म्हणजे स्रोत किंवा थर. बोअरचा चंबू स्वच्छ. साठवण टाकीचा चंबू स्वच्छ. पर्ज टाकीत पडणाऱ्या पाण्याचा चंबू: मातकट. म्हणजे दोष मधल्या पाइपात. 32 मिमीचा पाइप खोलला, आतून तपकिरी थर, बोटाने निघतो. मधला 12 मीटर तुकडा उन्हात, पाणी त्यात संथ आणि कोमट. निर्जंतुकीकरणात पंपाने पाणी फिरत होतं, पण ते जवळच्या टी पासून पुढेच. वरचा तुकडा सुटलेला.

बदल: पाइप जमिनीखाली दीड फूट, पंपाची जोडणी थेट साठवण टाकीच्या बुडाशी, आणि महिन्यातून एकदा स्पंजचा बोळा पाण्याच्या दाबाने पाइपातून काढायचा. हवेच्या डिस्कही बदलल्या. त्यांच्या रबरावर बुळबुळीत थर होता. डिस्कचे दोन संच ठेवायचे, एक पाण्यात, एक पेरॉक्साइडमध्ये भिजवून उन्हात वाळलेला.

1 जुलै

पाइप बदलल्यावरचा लॉट: तिसऱ्या दिवशी 2.3, पाचव्या 1.2, सातव्या 0.5.

11 जुलै

आषाढीनंतर मागणी चढेल आणि 5 ऑगस्टला श्रावण लागतोय, म्हणून 4 ऑगस्टच्या अमावास्येपर्यंत तीन लॉट बसवायचे आहेत. दोन लॉटच्या मध्ये दोन दिवस निर्जंतुकीकरणाचे धरून आत जाण्याच्या तारखा: 12 जुलै, 21 जुलै, आणि शेवटचा 28 जुलैला दुसऱ्या टाकीत. दुसऱ्या टाकीचं काम 25 च्या आत पूर्ण हवं, कारण तिलाही आधी पेरॉक्साइड लागतं.

शेजारच्या युनिटचा पंगास याच पद्धतीने काढायची विचारणा आहे. पंगासमध्ये चरबी चिलापीच्या दोन-तीन पट असू शकते, तेवढ्याच पटीने किलोमागचं पाणी वाढतं. 40 लिटर रोजच्या हिशेबाने त्याला दोन आठवडे किंवा जास्त. चिलापीचे सात दिवस त्याला लावायचे नाहीत. आधी 1000 लिटरच्या पिंपात 30 किलो, पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या दिवशी पोटाकडचा तुकडा वाफवून गुण, मग मोठा लॉट.